ठमाबाईच्या घरातला वाफसा

पॉडकास्टच्या मागच्या भागात मातीतल्या पाण्याबद्दल गप्पा मारताना मी ओघात सांगून गेले, की आमच्या घरी एक टॅरँटुला आहे आणि माती-पाण्यावर संशोधन करत असूनही पहिल्याच हिवाळ्यात मी तिचा जीव घ्यायची वेळ आणली होती. विषय तिथेच सुटला. पण नंतर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांचा प्रश्न एकच होता: नक्की केलंस काय, आणि मग आर्द्रता ठेवायची तरी किती? आज तेच नीट सांगते. तुमच्या घरी टॅरँटुला नसेल तरी वाचा. हिवाळ्यात ओठ का फुटतात आणि कुंडीतलं रोप जास्त पाण्याने का मरतं, याचं उत्तरही यातच आहे.

आम्ही मिनेसोटात राहतो. अपार्टमेंटमध्ये कुत्रा-मांजर ठेवायला परवानगी नाही. लेकीने दोन वर्षं हट्ट केला आणि शेवटी तह झाला तो आठ पायांवर. 'कर्ली हेअर' नावाने ओळखली जाणारी ही जात मूळची मध्य अमेरिकेतली, म्हणजे होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या भागातली. कॉफीच्या रंगाची, अंगावर सोनेरी कुरळे केस, स्वभावाने शांत. मादी असेल तर वीसेक वर्षंही जगू शकते. ही बया आली त्या दिवशी एका कोपऱ्यात जी ठम्म बसली ती तीन दिवस हलली नाही, म्हणून लेकीने नाव ठेवलं ठमाबाई.

सोबत एक कार्ड होतं. त्यावर लिहिलेलं: तापमान २४ ते २८ अंश, आर्द्रता ७० ते ८० टक्के. डिसेंबर चालू होता. मी पेटीत आर्द्रतामापक लावला तर आकडा १९. माझ्या पोटात गोळा. मग आपण शिकलेली माणसं जे करतो तेच मी केलं. आकडा चुकतोय ना, तर आकडा दुरुस्त करायचा! हवेची भोकं प्लॅस्टिकने अर्धीअधिक झाकली. दिवसातून तीनदा फवारणी सुरू केली. चौथ्या दिवशी आकडा ८० वर गेला आणि मी समाधानाने चहा केला.

दोन आठवड्यांत पेटीच्या भिंतींवरून पाणी ओघळायला लागलं. ठमाबाईने न खाल्लेल्या एका रातकिड्यावर पांढरी बुरशी आली. झाकण उघडलं की आंबूस वास. आणि ठम्म बसणारी ठमाबाई आता दिवसरात्र भिंतीवर चिकटलेली. लेक म्हणाली, "बघ आई, तिला आता फिरायला आवडायला लागलंय." मलाही तसंच वाटलं. खरं तर तिला खाली पाय टेकवत नव्हता. जमिनीवर राहणाऱ्या टॅरँटुलाचं पोट नाजूक असतं. भिंतीवरून पडली आणि पोट फुटलं, तर संपलंच. म्हणजे ती जिवावर उदार होऊन त्या चिखलापासून लांब लटकत होती.

उलगडा झाला तो सांगलीहून. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर लेकीने आजोबांना पेटी दाखवली. आमच्या आप्पांना कोळी पाळण्यात काडीचा रस नाही. त्यांनी कोळ्याकडे बघितलंच नाही, मातीकडे बघितलं.

"अगं, चिखलच करून ठेवलायस की. ह्यात वापसा कुठाय?"

आमच्याकडे वापसा म्हणतात, पुस्तकात वाफसा लिहितात. मी पीएचडीमध्ये ज्याच्यावर दोन प्रकरणं लिहिली ती गोष्ट आप्पांनी तीन अक्षरांत सांगितली होती. पण तिकडे जाण्याआधी त्या आकड्याकडे बघू, कारण माझी खरी चूक तिथेच होती.

टक्के कशाचे?

आपण आर्द्रता ७० टक्के म्हणतो तेव्हा वाटतं की हवेत ७० टक्के पाणी आहे. तसं नसतं. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावते, त्यातली ७० टक्के आत्ता आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि किती मावते हे तापमानावर ठरतं. एका घनमीटर जागेत शून्य अंशाला सुमारे ५ ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम आणि २८ अंशाला सुमारे २७ ग्रॅम. भांडं गरम केलं की मोठं होतं असं समजा. आतलं पाणी तेवढंच राहतं, पण भांडं रिकामं दिसायला लागतं.

आता आमचा हिवाळा घ्या. बाहेर उणे १० अंश. तिथे मावून मावून मावते ती सुमारे २.४ ग्रॅम. समजा बाहेर पूर्ण १०० टक्के आर्द्रता आहे. ती हवा आपण घरात घेतो आणि हीटरने २१ अंशांवर नेतो, जिथे १८ ग्रॅम मावू शकते. बाकी काही न करता आर्द्रता उतरते जेमतेम १२-१३ टक्क्यांवर. स्वयंपाक, अंघोळ आणि आपले श्वास मिळून ती थोडी वर येते, इतकंच. माझ्या मापकावरचे १९ टक्के हे असे आले होते. आखाती देशांत राहणाऱ्या मित्रांना हाच प्रकार उलट्या बाजूने दिसतो. तिथे बाहेरची हवा दमट असते, पण एसीच्या गार नळ्यांवर ती वाफ पाणी होऊन गळून जाते आणि खोली कोरडी पडते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नुसत्या टक्क्याला तापमानाशिवाय अर्थ नाही. २० अंशाला ८० टक्के असलेली हवा तुम्ही २८ अंशांवर नेलीत तर ती ५१ टक्के होते, पाण्याचा एक थेंबही कुठे न जाता. दुसरी, आकडा तोच असला तरी हवेची तहान वेगळी असू शकते. ५० टक्के आर्द्रतेला २० अंशांची हवा आणखी साडेआठ ग्रॅम पाणी ओढू शकते, २८ अंशांची हवा साडेतेरा ग्रॅम. मापकावर दोन्ही ठिकाणी ५०च दिसतं. कोळ्याच्या अंगातून पाणी ओढलं जातं ते या तहानेमुळे. म्हणून पेटीखाली गरम गादी लावणारे लोक नकळत पेटी वाळवत असतात. बहुतेक टॅरँटुलांना २१ ते २६ अंशांची खोली पुरते. तुम्ही स्वेटर न घालता बसू शकत असाल तर तीही बसू शकते.

आणि तो कार्डावरचा '७० ते ८०'? समजा तो आकडा तिच्या मूळ प्रदेशातल्या हवामान केंद्राचा आहे असं धरलं, तरी हवामान केंद्रातली यंत्रं जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतात. ठमाबाईचे नातेवाईक तिथे राहतच नाहीत. ते राहतात जमिनीखाली.

बिळातली हवा

ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटते, म्हणून जरा थांबून सांगते.

माती वाळत जाते तसं उरलेलं पाणी मातीच्या कणांना जास्त घट्ट धरून बसतं. एक वेळ अशी येते की मुळं कितीही ओढली तरी पाणी सुटत नाही आणि रोप कायमचं माना टाकतं. आपल्या दृष्टीने ती माती कोरडी ठणठणीत. पण त्या क्षणी तिच्या कणांमधल्या पोकळीतली हवा मोजली तर आर्द्रता किती असते? जवळजवळ ९९ टक्के! वरवर कोरड्या दिसणाऱ्या जमिनीच्या पोटातली हवा इतकी ओली असते.

आता बिळात राहणाऱ्या प्राण्याचा विचार करा. वर ऊन तापलंय, वारा वाहतोय, हवा कोरडी आहे. पण हातभर खाली, अरुंद तोंडाच्या बिळात, हवा गार आणि ओलसर आहे. रात्री दारात येऊन शिकारीची वाट बघायची, तहान लागली तर दव किंवा साचलेलं पाणी प्यायचं, दिवसा आत जायचं. तिला एका ठरावीक टक्केवारीत राहायचं नसतं. तिला कोरडं आणि ओलं अशा दोन टोकांच्या मधे पायऱ्या हव्या असतात. आज कुठल्या पायरीवर बसायचं हे ती ठरवते.

हे बघायला होंडुरासला जायची गरज नाही. सह्याद्रीत, मातीच्या बांधांना आणि रस्त्याकडेच्या उतारांना बिळं करून राहणारे टॅरँटुला आहेत. जुलैत त्यांच्या दारात धुकं आणि पाणी असतं, एप्रिलमध्ये तोच उतार भाजून निघतो. कोळी तोच, बीळही तेच. वर्षभर एकच आकडा धरून बसणारी जागा निसर्गात फारशी सापडत नाही. ती आपल्याला फक्त कार्डावर सापडते.

तिच्या अंगातलं पाणी जातं कुठे?

टॅरँटुलाच्या कातडीवर मेणासारखा थर असतो, त्यातून पाणी फार हळू जातं. श्वासासाठी पोटाखाली चार पुस्तक-फुफ्फुसं असतात. आत पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे, त्यांच्यामधून हवा खेळते. तिथून पाणी जातं, पण ही तोंडं ती मिटून घेऊ शकते. विष्ठेतही ती काटकसर करते. आपण नको असलेला नायट्रोजन लघवीतून, म्हणजे पाण्यात मिसळून टाकतो. कोळी तो ग्वानिनच्या रूपात, जवळजवळ कोरडा टाकतात. पेटीच्या भिंतीवर दिसणारे पांढरे डाग ते हेच. आणि रातकिड्याच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणीच असतं, म्हणजे जेवणाबरोबर पाणी येतंच.

थोडक्यात, मोठी झालेली टॅरँटुला ही पाणी राखून वापरणारी बाई आहे. हवेतून तिला पाणी मिळत नाही, मिळतं ते तोंडाने पिऊन आणि खाऊन. दमट हवा तिच्यातलं पाणी कमी वेगाने जाऊ देते, एवढंच तिचं काम. म्हणून पेटीत पाण्याची वाटी नसेल आणि हवा मात्र ८० टक्के असेल, तर तो उलटा कारभार झाला.

पण पाणी खरंच कमी पडलं तर? तिथे मात्र प्रसंग गंभीर होतो, कारण कोळ्याचे पाय पाण्याच्या दाबावर चालतात. पायातले स्नायू पाय आत ओढतात, पण मुख्य सांध्यांशी पाय बाहेर ताणायला स्नायूच नाहीत. ते काम अंगातला द्रव करतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उचलला जातो तसा. १९५९ साली केंब्रिजच्या पॅरी आणि ब्राउन या दोघांनी घरातल्या कोळ्याच्या पायातला हा दाब मोजून दाखवला होता. नुसतं उभं असताना पाऱ्याचे सुमारे ५ सेंटिमीटर आणि अचानक हालचालीत क्षणभर ४० सेंटिमीटरपर्यंत. द्रव कमी झाला की दाब पडतो, ताणणारं कोणी उरत नाही आणि पाय आपोआप पोटाखाली दुमडायला लागतात. मेलेला कोळी नेहमी मुठीसारखा आवळलेला दिसतो तो याच कारणाने.

कात टाकतानाही हाच दाब लागतो. टॅरँटुला पाठीवर उताणी पडते, पोटातला द्रव पुढच्या भागात ढकलते आणि त्या जोराने जुन्या कवचाचं झाकण उचलतं. मग एकेक पाय जुन्या मोज्यातून काढावा तसा बाहेर येतो. यात काही तास जातात. अंगात पाणी कमी असेल तर पाय अर्ध्यावर अडकू शकतात. पण हे पाणी आधीच्या आठवड्यांत प्यायलेलं असावं लागतं. ती उताणी पडल्यावर घाबरून फवारा मारण्यात काही हशील नाही. उलट त्रासच होतो. (आणि हो, उताणी पडली म्हणजे मेली नव्हे. मरणारी टॅरँटुला बहुधा पायांवरच असते, पाय आत घेऊन. घाईने कचऱ्यात टाकू नका.)

फवारा आणि कोंडलेली हवा

फवाऱ्याने नेमकं काय होतं ते आता लक्षात येईल. भिंतीवरचे थेंब वाळतात, तासाभरासाठी आकडा चढतो, मग उतरतो. आपण परत फवारतो. माती खालपर्यंत भिजत नाही, वरचा थर मात्र कायम चिकट राहतो. हे म्हणजे रोपाच्या मुळाला पाणी न घालता पानांवरून ओला हात फिरवण्यासारखं.

आकडा टिकावा म्हणून भोकं बंद केली की खरी पंचाईत. हवा हलत नाही, बुरशी आणि जिवाणूंना रान मोकळं, उरलेल्या भक्ष्यावर सूक्ष्म किडे वाढतात. ओलावा आणि खेळती हवा यांत निवड करायची वेळ आलीच, तर हवा निवडा. कोरडेपणावर पाण्याची वाटी हा उपाय आहे. कोंदट, कुजक्या पेटीवर पेटी रिकामी करण्यावाचून उपाय नाही.

वाफसा

आता आप्पांकडे येऊ. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच पेरत नाही. माती पाण्याने गच्च असते, कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या, हवेला जागा नाही. दोन-चार दिवस जातात, जास्तीचं पाणी निचरून जातं, मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत पाणी राहतं. माती ओलसर असते पण पायाला चिकटत नाही. ही स्थिती म्हणजे वाफसा. मुठीत माती दाबली तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी येऊ नये, आणि तो गोळा खाली टाकला तर फुटावा.

टॅरँटुलाच्या पेटीला हवा असतो तो हाच वाफसा, आणि तोही सगळीकडे नाही, तळाशी. वर कोरडं, खाली ओलसर. आणायचा कसा ते सांगते.

माती जरा खोल भरा. जमिनीवर राहणाऱ्या मोठ्या मादीला चार-पाच इंच, बिळं करणाऱ्यांना आणखी जास्त. झाकणापर्यंतची मोकळी उंची फार ठेवू नका, म्हणजे पडली तरी लागणार नाही. कोकोपीट किंवा खत-औषध न घातलेली साधी बागेची माती, किंवा दोन्ही मिसळून चालतं. पीट मॉस वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, ते पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. मग वरून ओतलेलं पाणी कडेने पळून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो.

पाणी फवारायचं नाही, एका कोपऱ्यात हळूहळू ओतायचं. ते खाली जातं, तळाशी पसरतं आणि वातीत तेल चढावं तसं मातीतून थोडं वर चढतं. वरचा इंचभर थर कोरडा राहिला तर उत्तम. पेटी पारदर्शक असेल तर गडद आणि फिका असे दोन पट्टे बाहेरून दिसतात. माझ्या मते हा पट्टा कुठल्याही मापकापेक्षा खरं बोलतो. गडद पट्टा तळाशी अगदी पातळ झाला की परत थोडं पाणी. आमच्याकडे हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी. तुमच्याकडे वेगळं असेल, म्हणून दिवस मोजू नका, पट्टा बघा.

पाण्याची वाटी कायम भरलेली ठेवा, स्वच्छ आणि उथळ. त्यात स्पंज घालण्याची जुनी पद्धत सोडून द्या, त्यात घाणच वाढते. हवेसाठी समोरासमोरच्या दोन भिंतींना भोकं असली तर हवा आरपार जाते. उरलेलं भक्ष्य दुसऱ्या दिवशी काढून टाका.

जात तशी जागा

सगळ्यांना एकच माप लावू नका. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या कोरड्या जंगलातली 'मेक्सिकन रेड नी' किंवा चिलीची 'रोझ हेअर' यांना जवळजवळ कोरडी माती आणि पाण्याची वाटी पुरते. अधूनमधून वाटी मुद्दाम सांडू दिली तरी खूप झालं. आमच्या कर्ली हेअरसारख्या मधल्या गटाला वर सांगितलेली पद्धत. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या वर्षावनातली 'गोलायथ बर्डईटर' मात्र खरोखर ओलाव्याची भुकेली, तिची माती वाळू देऊन चालत नाही. पण तिलाही चिखल नको आणि कोंडलेली हवा तर मुळीच नको.

झाडांवर राहणाऱ्या जातींना उभी पेटी, झाडाची साल आणि भरपूर वारा लागतो. यांत आपल्या भारत-श्रीलंकेतली पॉइसिलोथेरिया ही देखणी कुळी येते. पाळणाऱ्यांच्या जगात तिला मोठी मागणी आहे, आणि तीच तिच्या मुळावर उठली. २०१९ साली ही सगळी कुळी साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली, त्यामुळे परवान्याशिवाय देशाबाहेरचा व्यापार बेकायदा आहे. सुट्टीत गावी गेलात आणि झाडाच्या ढोलीत दिसली तर फोटो काढा आणि सोडून द्या. पाळायचीच असेल तर पेटीतच जन्मलेलं पिल्लू, कागदपत्रं बघून घ्या.

पिल्लांची गोष्ट निराळी. अंग इवलंसं, त्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणून ती लवकर वाळतात. कोरड्या प्रदेशातल्या जातीच्या पिल्लालाही मातीचा एक भाग सतत ओलसर लागतो.

मापक ठेवायचा का?

ठेवा, पण मालक म्हणून नाही, चाकर म्हणून. स्वस्तातले मापक सहज पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात, काट्याचे तर आणखी जास्त. तुमचा किती खोटं बोलतो हे तपासायला मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाशेजारची बंद हवा नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७५ दाखवत असेल तर बरा, ८२ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी सात वजा करा.

आणि तो पेटीत वरच्या बाजूला चिकटवला असेल, तर तो झाकणाजवळची हवा मोजतोय, मातीतली नाही, हे विसरू नका.

मग बघायचं काय?

कोळ्याकडे बघायचं. पोट सुरकुतलेलं, लहान झालेलं, आणि ती वाटीवर ठाण मांडून बसली असेल तर पाणी कमी पडतंय. चालताना पाय आत ओढले जात असतील तर लगेच स्वच्छ पाण्याची वाटी तिच्या तोंडाशी येईल अशी ठेवा. जमिनीवरची जात दिवसेंदिवस भिंतीवर लटकत असेल तर बहुतेक वेळा खाली फार ओलं आहे. नव्या घरात आल्यावर पहिले काही दिवस त्या तशाही चढतात, तेवढी सूट द्या. भिंतीवर दिवसभर पाण्याचे थेंब, आंबूस वास, पांढरी बुरशी दिसली तर हवा वाढवा, पाणी थांबवा, फार झालं असेल तर माती बदला.

आप्पांचा फोन झाला त्या संध्याकाळी आम्ही सगळी माती काढली. नवीन भरली, मुठीत दाबून बघत. गोळा होतोय का, पाणी येत नाही ना, टाकल्यावर फुटतोय ना. लेकीला ते इतकं आवडलं की तिने गरजेपेक्षा दहा-बारा गोळे जास्तच फोडले. भोकं उघडली. मापकावरचा आकडा रात्रीतून ८० वरून ३८ वर आला आणि माझ्यातली शास्त्रज्ञ बेचैन झाली. ठमाबाई मात्र दुसऱ्या दिवशी खाली उतरली. वाटीत तोंड बुडवून बराच वेळ तशीच राहिली. आठवड्याभरात सालीखाली उकरायला लागली आणि जिथे गडद पट्टा सुरू होतो बरोबर तिथपर्यंत जाऊन थांबली. कुठे बसायचं हे तिचं तिला कळत होतं. मी फक्त तिला निवडायला जागा ठेवली नव्हती.

मार्चमध्ये ती उताणी पडली. आम्ही दिवे मालवले आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. सकाळी बघितलं तर शेजारी जुनी कात, आठही पाय शाबूत, आणि बाजूला ती नवी कोरी, मखमली. लेकीने आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "बरं झालं. आता आठवडाभर खायला घालू नका तिला." हे त्यांना कसं माहीत, विचारलं तर म्हणाले, "कात टाकलेल्या सापाच्या वाटेला कोण जातंय गं?"

खरं कारण वेगळं आहे, नवे दात कडक व्हायला वेळ लागतो. मोठ्या टॅरँटुलाला आठवड्याभरापेक्षा जास्तही लागतो, आणि तोवर पेटीत सोडलेला रातकिडाच तिला इजा करू शकतो. पण सल्ला तेवढाच बरोबर होता.